वेशीवर आलेला माणूस

माझ्या भावाने रचलेल्या जगात सायकल नव्हती. त्यावरून आमचं पहिलं भांडण झालं.

ते जग दर रविवारी दुपारी, सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या भाड्याच्या घरात, पुढच्या खोलीतल्या सतरंजीवर उघडायचं. नव्वदीची सुरुवातीची वर्षं. वडिलांची बँकेतली बदली झाली म्हणून आम्ही वाईहून तिथे आलो होतो. दादा इंजिनिअरिंगला होता, मी बारावीला. हा खेळ दादाने पाचगणीहून आणला होता. दहावीपर्यंत तो तिथल्या बोर्डिंगात शिकला, कारण आत्याचे यजमान तिथे मास्तर होते. त्याच्या वर्गातला एक परदेशी मुलगा मायदेशी परतताना एका जाड पुस्तकाची झेरॉक्स आणि वीस बाजूंचा निळा फासा त्याला देऊन गेला. बाकी मुलं पाचगणीहून जामच्या बाटल्या आणतात, आमच्या दादाने हे आणलं.

खेळ असा, की एकाने जग रचायचं आणि बाकीच्यांनी त्या जगातलं एकेक माणूस व्हायचं. ते माणूस काय करतं, कुठे जातं, कुणाशी भांडतं ते तोंडाने सांगायचं. जे अवघड असेल ते जमलं की नाही हे फासा सांगणार. कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. माझ्या आईला हे शेवटपर्यंत कळलं नाही. ती विचारायची, मग संपतं कधी?

पुस्तकातलं जग दादाने पहिल्याच आठवड्यात मोडीत काढलं. तिथे बर्फ होतं, आग ओकणारी जनावरं होती, दारूचे गुत्ते होते. जे आपण पाहिलंच नाही ते आपण नीट खेळणार कसं, असं त्याचं म्हणणं. त्याने आमच्या वाई-साताऱ्याकडचे घाट घेतले, पठारं घेतली, नदी घेतली, आणि प्रत्येक गावाला एक वेस दिली. तोफा नाहीत, बंदुका नाहीत, यंत्र म्हणून फक्त पाण्याचा रहाट. आणि या जगाच्या रीती त्याने अशा घट्ट बांधल्या, की गावच्या पंचांनी त्याच्याकडे शिकवणीला यावं.

मला गावोगाव सायकलवरून औषधं पोचवणारी मुलगी व्हायचं होतं. दादा म्हणाला, मुलगी चालेल, औषधं चालतील, सायकल चालणार नाही. मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. मग त्याने मला खेचर दिलं. शेजारच्या वकिलांचा मुलगा आमच्यात खेळायचा, त्याला आम्ही वकीलच म्हणायचो. त्याला पंख हवे होते. दादाने त्याला कड्यावरून दोराला लोंबकळून मध काढणारा केलं. उडण्याचं निम्मं सुख मिळालं आणि पडण्याची भीती मात्र पूर्ण, असं तो कुरकुरायचा. पण खरं सांगते, माझं खेचर आणि त्याचा दोर ह्या दोन गोष्टींना आम्ही नंतर जीव लावला. दादाच्या हातात ती कला होती. तो नाही म्हणायचा, पण तुमची हौस कुठेतरी बसवून द्यायचा.

चौथा होता फौजी. दादाच्या वर्गातला, आष्ट्याचा, हॉस्टेलवर राहणारा. वडील मिलिटरीत म्हणून कॉलेजात त्याचं नाव फौजी पडलेलं. उंच, रुंद, बोलायला कमी आणि जेवायला भरपूर. सुट्टीवरून येताना आईसाठी काकवीची बरणी आणायचा, त्यामुळे आईच्या लेखी खेळातला तेवढाच एक शहाणा. त्याचं पात्र बसवायला दादाला काहीच त्रास झाला नाही. तो किल्ल्यावरचा शिपाई झाला आणि वर्षभर मुकाट्याने शिपाईच राहिला.

जगाच्या रीतींतली एक रीत वेशीची होती. कुठल्याही गावात शिरताना पहारेकरी तीन प्रश्न विचारणार. कुठला? कुणाचा? कशासाठी आलास? हे काही जगावेगळं नाही. आपल्याकडे एसटीत शेजारी बसलेली बाईही मिरजेच्या आत हे तिन्ही प्रश्न विचारून मोकळी होते. पण दादाच्या जगात उत्तर आल्याशिवाय वेस उघडत नसे. दुसरी एक रीत त्याने आमच्या वाईच्या आजोबांच्या तोंडून ऐकलेली होती. आजोबा जुन्या पोथ्या वाचलेले. कुणी घर सोडून गेला आणि बारा वर्षं त्याचा ठावठिकाणा लागला नाही, तर तो मेला असं धरायचं. पळसाच्या पानांचा त्याचा पुतळा करायचा, त्याला अग्नी द्यायचा, आणि त्याचं नाव मेलेल्यांत घालायचं. दादाला हे फार आवडलं होतं. त्याने ते जसंच्या तसं आमच्या जगात आणून ठेवलं. आम्ही मान डोलावली आणि विसरलो. अशा रीती त्याच्याकडे ढिगाने होत्या.

त्या हिवाळ्यात फौजीचा शिपाई घळीत पडून मेला. फासाच तसा पडला. पात्र मेलं की दुसरं करायचं, असा शिरस्ता. पुढच्या रविवारी फौजी आला, मांडी घालून बसला आणि म्हणाला की त्याने माणूस ठरवलाय. एक माणूस, बारा वर्षांनी गावाला परत आलेला. का गेला होता ते त्याला आठवत नाही. त्याला फक्त घरी जायचंय.

वर्षभरात त्याने स्वतःहून एवढं कधी सांगितलं नव्हतं. दादा खूश झाला. मग त्याचा चेहरा बदलला. तो म्हणाला, हे पात्र बसत नाही. बारा वर्षं झाली म्हणजे गावाने त्याचा पुतळा जाळला असणार. तो मेलेला आहे. मेलेल्या माणसाला वेस उघडत नाही.

वकील म्हणाला, दहा वर्षं कर की, काय बिघडलं? दादालाही ते पटलं. मीसुद्धा तेच म्हणाले. दोन वर्षांचा तर प्रश्न, माझी अख्खी सायकल गेली होती.

फौजी म्हणाला, बाराच.

दादाने समजावलं. अकरा कर, साडेअकरा कर, वेशीशी पोचेपर्यंत मुदत संपत आलीय असं कर, उलट मजा येईल. फौजी बाराच्या खाली येईना. हळूहळू दादाचा आवाज चढला. तो आमच्यात सगळ्यांत शांत, पण त्याच्या जगाला कुणी धक्का लावला की नाकापेक्षा मोती जड व्हायचा. त्या दिवशी तो जे वाक्य बोलला ते तो आम्हाला नेहमी ऐकवायचा, फक्त इतक्या जोरात कधी नाही.

"जगाचा नियम आधी, पात्र नंतर."

फौजी उठला. आईने चहा टाकला होता, तो न घेता गेला. एवढ्या तेवढ्यावरून रुसतात का, असं मी म्हणाले. मला खरंच तसं वाटलं होतं.

त्यानंतरच्या आठवड्यात तो एका दुपारी घरी आला. दादा कॉलेजात होता हे त्याला माहीत होतं, तो तेव्हाच आला. स्वयंपाकघराच्या दाराशी पाटावर बसला. आईने त्याच्यापुढे पोहे ठेवले. ते न खाता तो मला म्हणाला, "ताई, दादाच्या नेमात कुटं फट हाय का बघ की. कसाबी यिऊ दे आत. तू इचार त्याला."

मी विचारलं, एवढं काय आहे त्यात? अकरा म्हणून का टाकत नाहीस?

"अकरा म्हटलं तर त्यो माझा बाप न्हाई," तो म्हणाला.

मग त्याने सांगितलं. कॉलेजात कुणालाच माहीत नव्हतं. वडील मिलिटरीत होते, हे खरं. तो लहान असताना ते सुट्टीवर आले, सुट्टी संपली, आणि तो चुलत्यांबरोबर त्यांना मिरजेला गाडीत बसवायला गेला. गाडी सुटायच्या आधी वडिलांनी त्याला पाणी आणायला पाठवलं. फलाटावरच्या नळाला गर्दी. तो बाटली भरून आला तोवर गाडी हलली होती. वडिलांनी खिडकीतून हात केला, असू दे म्हणून. ते पलटणीत पोचलेच नाहीत. मग तारा आल्या, पोलीस आले. पलटणीच्या दप्तरात भगोडा असा शेरा पडला. गावात कुणी म्हणालं, गाडीतून पडला असेल. कुणी म्हणालं, तिकडे उत्तरेत दुसरा संसार थाटलाय. ती पाण्याची बाटली त्याच्या आईने अजून फडताळात ठेवलीय, असंही त्याने सांगितलं.

त्याची आई कुंकू लावत होती. पण हळदीकुंकवाला तिला कुणी बोलवत नव्हतं, कारण ती सवाष्ण आहे की नाही हे कुणी सांगू शकत नव्हतं. बहीण लग्नाची झाली होती. पाहुणे यायचे, पोरगी पसंत पडायची, मग विचारायचे, बाप हाय का न्हाई? हाय म्हणावं तर कुठे आहे, न्हाई म्हणावं तर आईच्या कपाळावर हे काय? एवढ्यावर सोयरिकी मोडत होत्या. आता पाडव्याच्या पुढे बारा वर्षं भरत होती. चुलत्यांनी भटजींना विचारलं होतं. भटजींनी सांगितलं, पुतळा करून टाका, पोरीचा मार्ग मोकळा होईल. थोरला मुलगा म्हणून अग्नी फौजीने द्यायचा होता.

"आई म्हनती, तू दिलास तर मी कुंकू पुसते. न्हाई दिलास तर पुसत न्हाई. समदं माझ्यावर टाकलंय तिनं," तो म्हणाला.

माझ्या आईने पदराने डोळे पुसले. मला रडू आलं नाही, राग आला. भटजींचा, चुलत्यांचा, त्या गाडीचा, आणि सगळ्यांत जास्त दादाचा. वीस वर्षांचा मुलगा एका रिकाम्या खोलीत देव होऊन बसतो, आणि नेमका हाच नियम त्याला सापडतो. आता कळत होतं, फौजीला खेळात काय हवं होतं. खऱ्या जगात तो ते करणार की नाही हे ठरवण्याआधी, कुठेतरी एका ठिकाणी त्याला तो माणूस घरी पोचलेला बघायचा होता.

संध्याकाळी मी दादाला सगळं सांगितलं. तो त्या रात्री जेवला नाही. दुसऱ्या दिवशी कॉलेज बुडवून तो एसटीने वाईला गेला आणि आजोबांसमोर बसला. आजोबांनी त्याला सांगितलं, पोथीत त्याचीही सोय आहे. पुतळा जाळल्यावर माणूस परत आला तर त्याला तुपात न्हाऊ घालायचं, नुकत्याच जन्मलेल्या मुलासारखं. पुन्हा बारसं करायचं. पुढचे सगळे संस्कार पुन्हा, बायकोशी लग्नसुद्धा पुन्हा लावायचं. मग तो जिवंत. दादा परतला तेव्हा त्याचं तोंड उजळलं होतं. मला म्हणाला, "बसतंय गं पात्र. वेस उघडते. फक्त त्याला नव्याने जन्मावं लागेल."

त्या रविवारी आम्ही वाट पाहिली. फौजी आला नाही. पुढच्याही रविवारी नाही. कॉलेजातही तो दिसेना. दादाने हॉस्टेलवर निरोप ठेवला, की पात्र बसलंय, ये. निरोप पोचला की नाही, कळलं नाही.

पाडवा झाला. मग एक दिवस वकिलाने सांगितलं, की उद्या हरिपूरला संगमावर आहे ते.

बायकांनी तिथे जायची रीत नाही, म्हणून मी गेले नाही. दादा गेला. तो आल्यावर आईने त्याला बाहेरच थांबवलं, अंगावर पाणी घातलं आणि मग आत घेतलं. त्याने थोडंच सांगितलं. दर्भाची गाठ मारून माणसाएवढा आकार केला होता, वर पळसाची पानं, डोक्याच्या जागी नारळ. पानं ओली होती, लवकर पेट घेईनात. फौजी पुन्हा पुन्हा वाकून फुंकर मारत होता. आणि ज्यांनी बारा वर्षं त्या माणसाला भगोडा म्हटलं, ती भावकी तिथे उभी राहून तो किती सरळ, किती राबता होता ते सांगत होती. मेल्या म्हशीला मणभर दूध. मग दादा म्हणाला, "मी गंमत म्हणून ठेवला होता गं तो नियम."

नियम काही त्याने केला नव्हता. पण आवडला मात्र त्याला होता, हेही खरं.

पंधरवड्याने, रविवारी दुपारी, फौजी दारात उभा. डोक्यावर खाकी टोपी, टोपीखाली नुकते फुटू लागलेले केस. त्याने काकवीची बरणी आईच्या हातात दिली. बहिणीचं जमतंय असं सांगितलं, कराडकडचं स्थळ. आई कशी आहे, असं माझ्या आईने विचारलं. हाय, म्हणाला. मग सतरंजीवर बसला आणि म्हणाला, खेळूया.

वकील त्या दिवशी नव्हता. आम्ही तिघंच. दादा घाईघाईने सांगू लागला, की आजोबांना विचारलंय, परत आलेल्याला घेता येतं, तूप, बारसं, सगळं आहे. फौजीने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आज तू त्यो मानूस हो. मी वेशीवर बसतो."

दादाने आपली जागा कधी कुणाला दिली नव्हती. तापात असतानाही तो तिथे बसून खेळवायचा. तो उठला आणि माझ्या शेजारी येऊन बसला. फौजी भिंतीला टेकून त्याच्या जागी बसला. टोपी काढून त्याने मांडीवर ठेवली. फासा समोर होता, त्याला त्याने हात लावला नाही.

दादा म्हणाला, मी वेशीशी आलोय. लांबून चालत आलोय.

"कुठला?"

"इथलाच."

"कुनाचा?"

दादा थांबला. जगाच्या रीतीप्रमाणे इथे बापाचं नाव सांगायचं असतं. दादाने फौजीकडे पाहिलं आणि म्हणाला, "तुझा."

फौजीची मान खाली गेली. मग त्याने तिसरा प्रश्न विचारला. कशासाठी आलास? दादा म्हणाला, घरी जायचंय.

"बारा वर्सं झाल्यात," फौजी म्हणाला. "आत घेता येत न्हाई."

दादा खेळाबाहेर आला. त्याने फौजीचा गुडघा धरला. तो म्हणाला, अरे, बदललाय मी नियम. माझंच जग आहे, मी बदलू शकतो. घे त्याला आत.

"न्हाई गड्या. जगाचा नेम आधी, पात्र नंतर." हे तो चिडून बोलला नाही. आपण लहान मुलाला समजावतो तसं बोलला. "त्याला आत घेतलं, तर मंग मी जाळलं कुनाला?"

दादाचा हात त्याच्या गुडघ्यावर तसाच राहिला. मला त्या क्षणी तो फासा उचलून खिडकीबाहेर फेकावासा वाटला. माझ्या भावाने आजवर प्रत्येकाची हौस कुठेतरी बसवली होती. खेचर बसवलं, दोर बसवला. एवढं एक त्याला बसवता येत नव्हतं, आणि ज्याच्यासाठी तो रीत मोडायला तयार होता तोच ती मोडू देत नव्हता.

फौजीने आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली. "काकू, जरा पानी द्या."

आई तांब्याभांडं घेऊन आली. त्याने स्वतः भांडं भरलं आणि दादापुढे धरलं. म्हणाला, "पी. पोटभर पी. मंग जा."

दादा पाणी प्यायला. फौजीने पुन्हा भरलं. दादाने तेही संपवलं. मग तो उठला, दाराशी गेला, चपला घातल्या आणि आपल्याच घरातून बाहेर पडला. फौजीने उठून दार लावलं, कडी घातली, आणि दाराला पाठ लावून, डोळे मिटून तिथेच खाली बसला. आई हातात रिकामा तांब्या घेऊन मध्येच उभी होती.

बराच वेळ गेला. मग डोळे मिटलेले तसेच ठेवून त्याने मला विचारलं, "गेला का गं?"

मी खिडकीशी जाऊन पाहिलं. दादा फाटकाजवळ उन्हात उभा होता, दाराकडे बघत.

"गेला," मी म्हणाले.